सतरा इंची फहाद

३ नोव्हेंबर, सोमवार

मोहल्ल्यातले अल्तमशभाई परवा कतारहून सुट्टीवर आले आणि आज त्यांच्या हाती माझ्या नवऱ्याने, फहादने, तिथून पाठवलेलं सामान घरी पोचलं. म्हसळ्यात आमच्याकडे तिकडचं टपाल असं काही येत नाही, येणारा माणूस हेच टपाल. लेकीचे, माहीनचे, दोन फ्रॉक, अम्मीच्या (माझ्या सासूबाई, हुस्नबानू) गुडघ्यांचं मलम, सरबताच्या पावडरीचा डबा, फहादचं थंडीचं जाकीट, त्याचे साइटवरचे बूट, आणि या सगळ्याच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप.

"बूट कशाला पाठवले?" मी विचारलं.

"किलो शिल्लक होते, भाभी. रिकामी बॅग आणायची कशाला?" अल्तमशभाई म्हणाले आणि चहाही न घेता गेले. सुट्टीवर आलेल्या माणसाला दहा घरं फिरायची असतात, हे मला माहीत आहे.

दुपारी फहादचा फोन आला. त्याची कंपनी साइटवरच्या लोकांना असेच पातळ, मोठ्या पडद्याचे लॅपटॉप घेणार आहे म्हणे. त्याआधी घरच्या रोजच्या वापरात तो कसा पडतो ते मी बघायचं आणि खरंखरं सांगायचं. "दोष काढायला तुझ्याइतकं तयार माणूस मला दुसरं माहीत न्हाय," असंही वर. ही तारीफ की टोमणा, ते त्याचं त्याला ठाऊक. आवडला तर ठेवायचा, नाही तर अल्तमशभाई तेवीस तारखेला परत जातील तेव्हा त्यांच्या हाती पाठवायचा. दुकानदार बदलून देईल.

माझा स्वार्थ वेगळा आहे. प्रांजली माझी सिव्हिल डिप्लोमाची मैत्रीण, तळा गावची. पनवेलला तिचं घरांचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. तिने मला परीक्षा म्हणून एका घराचे नकाशे तपासून नव्याने काढायला दिलेत. जमलं तर घरबसल्या कायमचं काम. आणि मला काम मिळालं तर फहाद परत येऊ शकेल. हे वाक्य मी अजून कुणाजवळ उच्चारलेलं नाही. तो गेला तेव्हा माहीन रांगत होती, आता ती पाढे म्हणते. दर खेपेला त्याचं एकच, अजून एक कॉन्ट्रॅक्ट, मग येतोच.

म्हणून ही वही. चाचणी म्हटली की मी मागे हटत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

वजन. गल्फला माणूस असलेल्या घरात एक वेळ मीठ नसेल, पण बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतोच. लॅपटॉप कुठल्याच पिशवीत मावेना. पडदा सतरा इंचाचा, म्हणजे आमच्या चहाच्या ट्रेपेक्षा रुंद. शेवटी उशीच्या अभ्र्यात घातला आणि हुकाला टांगला. सव्वा किलोच्या जरासा पुढे काटा थांबला. मला पटेना, म्हणून साखरेची पिशवी टांगून काटा बरोबर आहे ना ते पाहिलं. काटा बरोबर आहे.

अम्मीने हातात घेऊन वर-खाली करून बघितला. "एवढा मोठा नि एवढा हलका? आतलं सामान भरायला विसरले तर न्हाय ना?"

मग उघडल्यावर त्यांची नजर बटणांवर गेली. तिकडचा माल, त्यामुळे प्रत्येक बटणावर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरही आहे. अम्मी एकदम मागे सरकल्या. "अगो, ह्यावर तर कुराणाचे हरफ हायत! नि तू जमिनीवर घेऊन बसलीस? हातपाय धुऊन वुजू केलंस काय?"

मी सांगितलं की ही नुसती टायपिंगची अक्षरं, यावर लोक भाजीची यादी पण लिहितात. "लिहूदेत लोक," म्हणाल्या. तेव्हापासून लॅपटॉप जमिनीवर ठेवायचा नाही, पाय लावायचा नाही, माहीनने वही समजून त्यावर खडू टेकवायचा नाही.

चार्जरची पिन जाडी, चौकोनी. आपल्या भिंतीत जात नाही. पण घरात तसले अडॅप्टर डझनभर पडलेत, त्यामुळे तो दोष धरत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅटरीबद्दल शंका. परवा भरून ठेवली, बंद करून ठेवली, आणि आज उघडावा तर निम्मी खाली. हात लावला तर कोमट. खोक्यावर लिहिलंय दिवसभर चालते. लिहिणाऱ्याचं काय जातं.

८ नोव्हेंबर, शनिवार

चोर सापडला. मी काम संपवून झाकण लावलं की अम्मी लॅपटॉप उचलतात, धुतलेल्या मलमलीत गुंडाळतात, त्यावर माझी ओढणी बांधतात आणि कपाटावर उंच ठेवतात. नुसतं झाकण लावल्याने तो पुरता झोपत नाही बहुतेक, आणि त्या गाठोड्यात त्याचा जीव गुदमरतो. कंपनीवाल्यांनी उन्हात, धुळीत, थंडीत चाचणी घेतली असेल. सासूच्या अदबीत कुणी घेतली नसेल.

आता मी पूर्ण बंद करून देते आणि गाठोडं सैल बांधायचा तह झालाय. बॅटरी चांगली आहे. काल दुपारभर लाइट नव्हती तरी माझं काम थांबलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज फहादशी पहिल्यांदा लॅपटॉपवरून बोललो. आजवर फोनवर तो बोटाच्या पेराएवढा दिसायचा. आज पडदा उघडला नि अख्खा माणूस समोर. माहीन लाजून माझ्या पाठीमागे लपली. मग हळूच बाहेर आली आणि पडद्यावर त्याच्या नाकाला बोट लावून बघितलं.

सकाळची वेळ होती, दहा-साडेदहा. म्हणजे तिकडे साडेसात-आठ, साइटवर असायची वेळ. "साइट?" मी विचारलं. म्हणाला, तपासणी चालू आहे, दोन दिवस काम बंद.

पडद्याची परीक्षा अशीही झाली. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या मागची प्रत्येक वस्तू वाचता येते. लोखंडी दुमजली खाट, तिची शिडी, शिडीवर वाळत घातलेल्या चार जणांच्या लुंग्या, खाटेखाली बंद बॅग. पूर्वी त्याच्या खोलीत दोघंच असायचे, खिडकीजवळ कुंडी होती. "कॅम्प बदलला," म्हणाला. कंपन्यांचं काय, माणसं हलवायला त्यांना निमित्त लागत नाही.

एक दोष मात्र नोंदवते. रंग. फहादच्या कपाळावर हेल्मेटच्या कडेची रेघ असते, वर गोरं, खाली रापलेलं. गेल्या सुट्टीत आला तेव्हा माहीन त्याला 'दोन रंगांचे अब्बा' म्हणायची. आज ती रेघ दिसेना, सगळा चेहरा एकाच फिक्या रंगाचा. मी खात्री करायला माहीनचा फ्रॉक पडद्यावरच्या त्याच फ्रॉकच्या फोटोशेजारी धरून पाहिला, तो तंतोतंत. म्हणजे पडदा ठीक, त्याच्याकडचा कॅमेरा वाईट असावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नेट घरात रडतं, गच्चीवर हसतं. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी जिना चढते. याच्या जागी जुना जाड लॅपटॉप असता तर मी एव्हाना अम्मीचं मलम माझ्या गुडघ्यांना लावत असते. हलकेपणा ही चैन नाही, गरज आहे, हे ठळक लिहायचं.

पण गच्चीवर उजेडात पडदा आरसा होतो. नकाशाच्या जागी मीच दिसते, विस्कटलेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलं की भागतं.

कामाचं म्हणाल तर मोठ्या पडद्याचा खरा फायदा इथे आहे. एका बाजूला जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला माझा, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर. प्रांजलीने मुद्दाम ठेवलेली की कुणाच्या हातून राहिलेली कोण जाणे, पण जिन्याखालची तुळई मला एकाच नजरेत चुकीची दिसली.

अडलं की फहादला विचारते. हल्ली तो कधीही फोन उचलतो. आज दोन तास मला सळयांची मापं समजावत होता. पूर्वी त्याला पाच मिनिटं मिळायची मारामार. इतक्या वर्षांत आम्ही इतकं बोललेलो नाही. मला फार बरं वाटतंय, हे पण लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रांजली तळ्याला माहेरी आली होती म्हणून दोन एसट्या बदलून गेले. लॅपटॉप अभ्र्यात, अभ्रा खांद्यावरच्या पिशवीत, निम्मा बाहेर. माणगावपर्यंत उभ्याने गेले, खांदा दुखला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "पाट कुठं घेऊन चाललात?"

प्रांजलीच्या आई कमळाबाईंनी तो एका हातावर तोलला आणि म्हणाल्या, "ताटाएवढा हाय नि वजन पत्रावळीचं." माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा हे बरं.

नकाशे प्रांजलीने बारकाईने पाहिले. तुळईपाशी थांबली, हसली, पुढे गेली. एका खांबाबद्दल शंका निघाली. मी म्हटलं, थांब, फहादला विचारते, आणि तिथूनच फोन लावला. पहिल्याच घंटीला पडद्यावर हजर. त्याने खांबाचं नीट समजावलं, प्रांजलीला नमस्कार केला. मागे कुणी तरी झोपलेलं होतं, कुणी डबा उघडत होतं. प्रांजली त्याच्याकडे पाहत राहिली.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिकडे सुट्टी शुक्रवारी असते ना गं?"

"हो. कॅम्प बदललाय, तपासणी चाललीय त्यांची," मी सांगितलं.

ती पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "माणगाव-म्हसळा भागात माझी चार-पाच बांधकामं चालू आहेत. साइटवर उभं राहून मापं घेणारा जाणता माणूस मिळत नाही मला. सहज सांगितलं. लक्षात असू दे."

मी म्हटलं, बघते, मोहल्ल्यात कुणी असेल तर कळवते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बारीकसारीक दोष. उजवीकडे आकड्यांची बटणं असल्याने टाइप करताना हात डावीकडे सरकतात आणि मान तिरकी होते. मांडीवर घेतला तर पडदा मागे कलंडायला बघतो. खारी हवा आहे, बिजागरी किती वर्षं टिकेल सांगता येत नाही.

माझाही एक दोष. मी घाबरलेय. प्रांजलीचा अजून निरोप नाही. कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, मध्ये फक्त भाकऱ्यांचे गोल काढले. लॅपटॉप पातळ आणि हुशार आहे, पण रेघ मलाच ओढायचीय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रांजलीचा निरोप: "तुळई मी मुद्दाम चुकवली होती. पुढचं काम पाठवते. कायमचं."

मी गच्चीवर जाऊन ओरडले. खाली अम्मींना वाटलं माकडं आली, त्या काठी घेऊन वर.

फहादला सांगितलं. तो हसला, "माशाअल्लाह" म्हणाला, मग पडद्यातून बाजूला झाला. पाणी प्यायला गेला असेल. परत आला तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, झोप काढा, फार जागताय. परत यायचा विषय काढणार होते, पण त्याने घाईने फोन ठेवला.

निकाल: लॅपटॉप ठेवायचा. उद्या अल्तमशभाईंना सांगते, आणि परतीच्या पुडक्याची तयारी करते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

राग आलाय. सावकाश लिहिते.

काल मी आणि अम्मीने फहादसाठी पुडकं केलं. सोडे अम्मीने स्वतः निवडले, एकेक कोळंबी बघून. घरचा मसाला, नारळाच्या वड्या. सगळं कापडात शिवून वर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. काट्यावर तोललं, दोन किलोसुद्धा नाही.

आज जुम्म्याच्या नमाजानंतर घेऊन गेले. अल्तमशभाई ओसरीवर बॅग भरत होते. त्यात इतरांची पुडकी होती, कुणाची सुपारी, कुणाचं लोणचं, कुणाच्या बारशाचे लाडू. माझं पुडकं बघितलं आणि त्यांचे हात थांबले.

"या खेपेला राहूदे, भाभी. जागा न्हाय."

बॅग अर्धी रिकामी होती. मी म्हटलं, काटा आणते, तोलून बघा. तर म्हणाले, "तसं न्हाय," आणि कुणाचं तरी लोणचं बॅगेत सरकवलं. त्यांची बायको आत निघून गेली.

आमच्याकडे सोयरीक मोडतात, जमिनीवरून भाऊ भाऊ तोंड बघत नाहीत, पण तिकडे जाणारा माणूस कुणाच्या घरचे सोडे नाकारत नाही. त्यासाठी तो स्वतःचे कपडे मागे ठेवतो. मी काय केलं यांचं? एवढा मोठा लॅपटॉप सांभाळून आणायला लावला त्याची अढी असेल. मग तसं स्पष्ट बोला ना.

घरी येऊन अम्मींना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या माझ्याहून जास्त चिडतील. त्या खाली बसल्या. बराच वेळ पुडक्यावरून हात फिरवत होत्या. मग ते घेऊन आत गेल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी गच्चीवर काम करत होते, तर जिन्यातून सोड्यांचा वास आला. खाली धावले. अम्मींनी पुडक्याची शिवण उसवली होती. सोडे भिजवून, कांद्यात परतून, नारळाचं दूध घालत होत्या.

"अम्मी! ते फहादचे आहेत!"

"व्हय. त्याचेच." पळी थांबली नाही. "अल्तमश कुणाचं ओझं टाळणारा पोर न्हाय, नूरैन. त्याचा बाप माझ्या नवऱ्यासाठी माझी पुडकी नेत आला. ज्याला द्यायचं तोच जाग्यावर न्हाय, तर नेऊन देईल कुणाला?"

मी तशीच, पिठाच्या हाताने म्हणतात तशी, अर्ध्या कामातून अल्तमशभाईंकडे गेले. या वेळी त्यांनी चहा सांगितला, म्हणजे आता लपवणार नव्हते.

कंपनीचं काम ऑक्टोबरमध्येच बंद पडलं. सगळ्यांना काढलं. फहाद एका दोस्ताच्या खोलीत पथारी टाकून आहे, सात जणांत. दिवसभर नोकरी शोधतो. मिळाली नाही तर व्हिसा संपेल आणि यावंच लागेल, पण रिकाम्या हाताने मोहल्ल्यात उतरायचं कसं, म्हणून कुणाला सांगायचं नाही अशी त्याने कसम घातलेली. "लॅपटॉप कंपनी-बिंपनीचा न्हाय, भाभी. तुमच्या परीक्षेचं तुम्ही त्याला बोललेलात ना? नोकरीचा शेवटचा हिसाब मिळाला त्याच दिवशी दुकानात गेला. नुसता दिला असता तर तुम्ही परत पाठवला असता, म्हणून ते चाचणीचं काढलं. आणि सोडे मी नेले असते, पण ते बघून तो माझ्यासमोर रडला असता. ते मला बघवलं नसतं."

घरी येताना मला आधी फहादचा संताप आला, आणि मग स्वतःचं हसू आलं. मी त्याच्या कपाळावरची गेलेली रेघ बघितली आणि माहीनचा फ्रॉक घेऊन पडद्याचे रंग तपासत बसले! महिनाभर हेल्मेट न घातलेल्या माणसाचं कपाळ तसंच दिसतं. नकाशातली तुळई दिसते मला. सात जणांच्या खोलीत नवरा हसून सळयांची मापं समजावतो, ते दिसलं नाही.

सालन ताटात आलं. आम्ही दोघींनी खाल्लं. अम्मी म्हणाल्या, मीठ जरा कमी झालं. मीठ बरोबर होतं.

संध्याकाळी प्रांजलीला फोन केला. ते मापं घेणारं माणूस अजून हवंय का, विचारलं. ती म्हणाली, "मी तुझ्याच फोनची वाट बघत होते."

२३ नोव्हेंबर, रविवार

अल्तमशभाई पहाटेच निघाले. जाताना दारावरून हात केला.

सकाळी चहा झाल्यावर लॅपटॉप गच्चीवर नेला, टाकीच्या सावलीत पाटावर मांडला आणि फहादला बोलावलं. काल मनाशी ठरवलं होतं की मला कळलंय हे दाखवायचं नाही. माणसाला स्वतः बोलायची जागा ठेवायची. म्हणून आधी अहवाल दिला. वजन उत्तम, पडदा उत्तम, रंग बिनचूक, उन्हात आरसा होतो, आकड्यांच्या बटणांनी मान तिरकी होते. तो गंभीरपणे ऐकत होता, जणू खरोखर कंपनीला कळवायचंय.

"ठेवणार मग?" त्याने विचारलं.

"ठेवला. आता माझं ऐका. प्रांजलीला साइटवर माणूस हवाय. मापं समजणारा, मजुरांशी बोलता येणारा, म्हसळ्यात राहणारा. मी तिला तुमचं नाव सांगितलं. तिने हो म्हटलं. आता तुम्ही कॉन्ट्रॅक्ट अर्ध्यात सोडलंत तरच जमेल. सोडाल काय?"

इतक्या मोठ्या पडद्यावर माणूस गप्प बसला की लपायला जागा उरत नाही. त्याचा ओठ हलला, मग हनुवटी. मागच्या खाटेवरचा माणूस उठून खोलीबाहेर गेला.

"नूरैन," तो म्हणाला, "तुला कुणी काय सांगितलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "सोडे परत आले," एवढंच म्हटलं.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पण रडले, ते लपवायचं कशाला. जरा वेळाने हाताआडूनच म्हणाला, "लोक काय म्हणतील? सगळे भरलेल्या बॅगा घेऊन येतात. मी काय घेऊन येऊ?"

तेवढ्यात जिन्यातून अम्मी आल्या, गुडघ्यावर हात टेकत, धापा टाकत. माझ्या खांद्याला धरून पाटापाशी बसल्या, पदर सावरला आणि तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं.

"फहाद, इकडं बघ. जेवलास काय?"

तो हात बाजूला करून बघत राहिला. मी वाट बघत होते की तो नेहमीसारखं व्हय म्हणेल.

"न्हाय, अम्मी," तो म्हणाला. "कालपासून न्हाय."

"मग घरी ये," अम्मी म्हणाल्या.